मुलगा मुळात कसा आहे?

प्रश्न: मी आठ महिन्यांपूर्वी परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) म्हणून रुजू झालो. गुन्ह्यात सापडलेल्या मुलांची चौकशी करून अहवाल देणं हे माझं काम. सध्या १७ वर्षांच्या एका मुलाची केस माझ्याकडे आहे. मंडळाच्या वर्गणीवरून भांडण झालं आणि याने एकाला कोयत्याने मारलं. समोरच्याच्या खांद्याला १४ टाके पडले. घरात आई, आजी आणि धाकटा भाऊ. आई म्हणते पोरगं देवासारखं आहे, शेजारी म्हणतात मुळातच वाया गेलेलं. मुलगा सगळी उत्तरं शांतपणे देतो, डोळ्यांत टिपूस नाही. मॅडम, इतकी वर्षं या कामात काढल्यावर माणूस मुळात चांगला की वाईट हे ओळखता येतं का? येत असेल तर कशावरून?

उत्तर: नाही येत. निदान मला तरी ३१ वर्षांत आलं नाही. पहिली चार-पाच वर्षं तुमच्यासारखीच चाचपडण्यात गेली. पुढची दहाएक वर्षं मला वाटायचं की आता येतं. मुलगा दारातून आत आला, चपला कुठे काढल्या, खुर्चीवर कसा बसला, एवढ्यावर मी मनातल्या मनात शेरा मारून मोकळी व्हायचे. माझ्या हातून झालेली सगळ्यात वाईट कामं त्याच दहा वर्षांतली आहेत.

गॅरेजमध्ये काम करणारा एक पोरगा होता. मोबाइल चोरीची केस. आल्या आल्या पाया पडला, "मावशी, चुकलो" म्हणाला. आईला दमा, एका खोलीचं घर, शाळा सातवीत सुटलेली. वाचणाऱ्याला गहिवरून यावं असा अहवाल मी लिहिला. बाल न्याय मंडळाने, म्हणजे मुलांच्या केस चालवणाऱ्या मंडळाने, त्याला माझ्या देखरेखीखाली घरी सोडलं. पाचव्या महिन्यात त्याने गॅरेजवाल्याच्या गल्ल्यातले अकरा हजार उचलले, आणि त्या गॅरेजवाल्याने त्याला परत कामावर घेतलं होतं ते माझ्या शब्दावर. मला चोरीपेक्षा माझी फसगत झाल्याचा राग जास्त आला, हे आज कबूल करते. चौकशीत कळलं, साडेसहा हजार बहिणीच्या बाळंतपणाच्या बिलात गेले आणि उरलेले मटक्यात. दवाखान्याची पावती मी डोळ्यांनी पाहिली. मटक्याचं टपरीवाल्याने सांगितलं. पुढच्या तारखेला सरकारी वकील फक्त मटक्यावर बोलले, मुलाचे वकील फक्त बाळंतपणावर. दोघंही खरं बोलत होते.

तुम्ही म्हणाल, एवढ्या अनुभवाने काहीतरी शहाणपण येतच असेल. कुंभाराला येतं, कारण आवा उघडला की तडा गेलेलं मडकं दिसतं. आपल्या कामात अर्धी मडकी आपल्याला कधी दिसतच नाहीत. ज्याला मी चांगला म्हटलं आणि जो सुटला, तो पुन्हा पकडला गेला तर मला कळतं. ज्याला मी वाईट म्हटलं आणि जो आत गेला, तो बाहेर राहिला असता तर कसा वागला असता हे कळायला मार्गच नाही. उलट आत जाऊन तो बिघडला तर मीच म्हणणार, बघा, मी म्हटलंच होतं. एकाच बाजूच्या चुका अंगावर येतात, दुसऱ्या बाजूच्या कुणी मोजत नाही. त्यामुळे अधिकारी दरवर्षी थोडा कडक होत जातो आणि त्यालाच अनुभव म्हणतो. माझंही तेच झालं.

दुसरी बाजू क्वचित दिसते ती अपघाताने. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाने १९३९ मध्ये तिथे शिक्षा झालेल्या माणसांना बायकामुलांसह शेतीवर वसवलं. तुरुंगाची भिंत नाही. ती वसाहत आजही खुलं कारागृह म्हणून चालते. भिंत नसताना जन्मठेपेची माणसं पळून का जात नाहीत, असं लोक मला विचारतात. तिथे निवडून पाठवतात हे खरं, तेव्हा त्यावरून सगळ्यांबद्दल बोलू नये. पण निवडले जाण्याआधी त्यांच्याही कागदावर 'खुनी' एवढंच लिहिलेलं होतं.

आता माझ्या हातून राहून गेलेली केस. १६ वर्षांचा मुलगा, बापाला लोखंडी फुकणीने मारून मनगट मोडलं. बाप माळकरी, दरवर्षी आषाढीला पायी जाणारा, वस्तीत कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. मुलगा माझ्याशी दोन तासांत चार वाक्यं बोलला आणि सगळा वेळ नखाने टेबल खरवडत बसला. मी सात जणांना भेटले, सातही जण म्हणाले, बाप देवमाणूस, पोटी राक्षस निपजला. मी लिहिलं: वर्तन आक्रमक, पश्चात्ताप दिसून आला नाही, सुधारणेची शक्यता कमी. कुटुंबाच्या रकान्यात एक ओळ होती: 'एक बहीण, वय १३, मामाकडे शिक्षणासाठी.' ऑक्टोबर महिना होता. मध्येच शाळा सोडून कोण मामाकडे शिकायला जातं, हे मला सुचलं नाही.

दीड वर्षाने त्याच वस्तीत वेगळ्या केससाठी गेले. कांदे-बटाट्याची गाडी लावणाऱ्या म्हातारीने आपणहून विषय काढला. "तो पोरगा रोज रात्री बहिणीच्या दारात आडवा झोपायचा, बाई. का झोपायचा ते मला विचारू नका."

मुलीबद्दल मी त्याच दिवशी बाल कल्याण समितीला कळवलं. मुलाचं प्रकरण तोवर निकाली निघालं होतं आणि त्याचा ठावठिकाणा लागला नाही. हे वाचून तुम्ही मनात अदलाबदल केली असेल: मुलगा चांगला, बाप वाईट. मीही केली होती. पण केस चालू असताना मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहात असताना त्याच मुलाने दहा वर्षांच्या एका पोराचं जेवण आठवडाभर हिसकावून खाल्लं होतं. ती नोंदही खरी आहे. बहिणीच्या दारात झोपणारा आणि लहान पोराला उपाशी ठेवणारा मुलगा एकच. मग 'मुळात' म्हणजे यातलं कुठलं धरायचं?

तुमच्या केसमधल्या कोरड्या डोळ्यांबद्दल थोडं. तुमच्यापर्यंत येईपर्यंत त्याने ती हकीकत हवालदाराला, फौजदाराला, वकिलाला, मंडळासमोर आणि समुपदेशकाला सांगून झाली आहे. सहाव्यांदा सांगताना कुणाला रडू येतं? काहींना वकिलाने बजावलेलं असतं की जास्त बोलू नकोस. खेड्यातली बरीच मुलं मोठ्या माणसासमोर नजर खाली ठेवतात, कारण घरात तसंच शिकवलंय. आपण कार्यालयात बसून लिहितो, 'नजर चुकवतो'. नजर भिडवली तर 'उद्धट'. मी माझे जुने अहवाल एकदा काढून वाचले, तेव्हा हे दोन्ही शब्द एकाच महिन्यात दोन मुलांबद्दल वापरलेले सापडले. दोघांचा निष्कर्ष एकच.

आणि शेजारी. हा मुद्दा कुठल्याही प्रशिक्षणात मला कुणी सांगितला नाही. चाळीत, वस्तीत भिंती पातळ असतात. पोराने आईला शिवी दिली, ताट भिरकावलं, रात्री उशिरा आला, सगळ्याला दहा साक्षीदार. फ्लॅटमध्ये हेच घडतं, पण दार बंद असतं आणि समोरचे म्हणतात, "आमचा फारसा संबंध नाही, पण फॅमिली चांगली आहे." गरिबाच्या पोराची फाइल जाड होते ती अशी. मी स्वतः एका गृहभेटीनंतर 'कुटुंब सुसंस्कृत' असं लिहिलं आहे, आणि त्याला आधार काय, तर कपबशीतून आलेला चहा आणि पुस्तकांचं कपाट.

यावर शास्त्रात काम झालेलं आहे. १९२८ मध्ये अमेरिकेत हार्टशॉर्न आणि मे या दोघांनी दहा हजारांहून जास्त शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाच्या चाचण्यांचे निष्कर्ष मांडले. परीक्षेत कॉपी करणं, पैसे उचलणं, खोटं बोलणं, असे वेगवेगळे प्रसंग. एका ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणीही करेलच, असा भरवसा फार कमी निघाला. १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला, हे ४० जण त्याच्यावरून जाणार. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्क्यांनी मदत केली, 'उशीर झालाय' असं सांगून पाठवलेल्यांपैकी १० टक्क्यांनी. त्यातले काही तर वाटसरूला मदत करणाऱ्या परक्या माणसाची बायबलमधली गोष्ट सांगायलाच निघाले होते, त्यानेही फारसा फरक पडला नाही. म्हणजे स्वभाव नावाची वस्तूच नाही असं नव्हे. एकाच माणसाचे बरेच प्रसंग एकत्र मांडले तर वळण दिसू लागतं. पण आपल्या हातात किती प्रसंग असतात? एक गुन्हा, एक मुलाखत, एक गृहभेट.

कायद्याचीही तीच गत. मी रुजू झाले तेव्हा १९८६ चा बाल न्याय कायदा होता, त्यात मुलगा १६ पर्यंतच बालक. २००० च्या कायद्याने ते वय १८ झालं. २०१५ च्या कायद्याने बालक १८ पर्यंतच ठेवला, पण १६ ते १८ मधल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर प्राथमिक मूल्यांकन करून त्याला प्रौढांसारखा खटल्याला पाठवायची वाट उघडली. तुमचा १७ वर्षांचा मुलगा माझ्या पहिल्या वर्षी थेट मोठ्यांच्या कोर्टात गेला असता. पोरं तीच होती. मात्र याच २०१५ च्या कायद्यात कलम ३ मध्ये एक तत्त्व आहे, ते तुमच्या टेबलावर लावून ठेवा: बालकाच्या कामकाजात दोषारोप करणारे शब्द वापरायचे नाहीत. 'गुन्हेगारी वृत्तीचा' हा शब्द आपल्या अहवालात येतो तेव्हा आपण कायदा मोडत असतो. सर्रास येतो.

तो शब्द कुठून आला हेही माहीत असू द्या. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला या जमातींची तारांच्या कुंपणात वसाहत होती, आजही तिथल्या भागाला सेटलमेंट म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला आणि १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. नाव बदललं, नजर राहिली. मुलगा पारधी आहे म्हटल्यावर फौजदाराचा आवाज कसा बदलतो ते तुम्ही ऐकलं असेलच. स्वतःचाही ऐका.

ही नजर कुठवर नेऊ शकते याचं उदाहरण नाशिक जिल्ह्यातलं आहे. २००३ मध्ये शेतातल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कार झाला. ऐकवणार नाही असा गुन्हा. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांची फाशी कायम केली. पुढे कळलं, त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयानेच सगळ्यांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला सांगितलं. वाचलेल्या साक्षीदार बाईंनी सुरुवातीला पोलिसांच्या अल्बममधून वेगळ्याच चौघांचे फोटो ओळखले होते, त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षं गेली. गुन्हा किती राक्षसी आहे हे सगळ्यांनी नीट पाहिलं, आणि तो राक्षसीपणा समोर उभ्या असलेल्या माणसांना चिकटला. गुन्ह्याचं वजन आणि माणसाची ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नंतर सांगणं सोपं आहे. त्या वेळी मी असते तर वेगळं वागले असते असं छातीठोकपणे म्हणवत नाही.

फाशीच्या बाबतीत १९८० च्या बच्चनसिंग निकालापासून म्हटलंय की माणूस सुधारणार नाही हे सरकारने पुराव्याने दाखवावं. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोज खटल्यात परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल, तुरुंगातल्या वर्तनाचा अहवाल आणि मानसशास्त्रीय तपासणी मागवायला सांगितली. म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्याच्या चार पानांवर आता एखाद्याचा जीव टांगलेला असू शकतो. म्हणून एवढं लांबण लावतेय.

मग कुणीच वाईट नसतं का, असं माझी सून मला विचारते. मी एका माणसाला घाबरले होते. कोयता-तलवारवाला नव्हता. भिशी चालवायचा, चाळीसेक बायकांचे पैसे बुडवले होते, आणि १९५८ च्या अपराधी परिविक्षा कायद्याखाली बंधपत्रावर सोडावं असा अर्ज होता. इतका गोड माणूस. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं हे त्याने विचारलं, आणि ते मी त्याला सांगितलेलं नव्हतं. घरी आल्यावर दोनदा कडी तपासली. पण अहवालात मी 'धूर्त' लिहिलं नाही. लिहिलं ते असं: पैसे परत करण्याची एकही तारीख दिली नाही. ज्यांचे पैसे गेले त्यांची नावं विचारल्यावर दोनच आठवली. अटकेच्या आदल्या महिन्यात दुचाकी मेव्हण्याच्या नावावर केली. माझ्या कुटुंबाची माहिती मिळवली व तिचा उल्लेख केला. परिविक्षेची शिफारस करत नाही. तो वाईट होता का? मला ठरवावं लागलं नाही. त्याला सोडायचं का एवढंच विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर त्या चार वाक्यांत होतं. भीती ही माझी माहिती होती, त्याची नव्हे.

तेव्हा तुमच्या मुलाकडे वळा. तो कसा आहे हे बाजूला ठेवा आणि कोयता कुठून आला ते शोधा. शेजारच्या नारळवाल्याच्या गाडीवरून उचलला, की घरी जाऊन आणला? घरून आणला असेल तर घर किती लांब, वाटेत कोण भेटलं, कुणी अडवलं का? दुसऱ्याने हातात दिला असेल तर तो कोण, आणि त्याचं वय काय? वार केल्यावर हा पळाला की थांबला? जखमीला रिक्षात कुणी घातलं? पोलिसांच्या प्राथमिक माहिती अहवालात (एफआयआर) यातलं एकही नसेल. आधी कुणावर हात उचलला होता का हे विचाराल तेव्हा पुढचं विचारायला विसरू नका: तो याच्यापेक्षा मोठा होता की लहान? मोठ्यांशी भांडणारा आणि लहानांना झोडपणारा, दोघांवर देखरेख ठेवायची पद्धत वेगळी लागते.

धाकट्या भावाला भेटा, पण मोठ्याबद्दल थेट काही विचारू नका. त्याला रात्री कुठे झोपतोस, सकाळी शाळेला कोण उठवतं, एवढंच विचारा. जखमी मुलाच्या घरीही जा. आपल्याकडे ते कुणी करत नाही, कारण फॉर्ममध्ये त्याचा रकाना नाही. पण चौदा टाके त्याच्या खांद्याला पडलेत, आणि भांडण आधीपासूनचं होतं का हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तिथे शिव्या खाव्या लागतील, त्या खा.

लिहिताना विशेषण आलं की थांबा आणि ते कशावरून आलं ते त्याच्या जागी लिहा. 'रागीट' खोडा, 'मार्चमध्ये शिक्षकांशी वाद झाल्यावर बाकाची फळी तोडली' लिहा. जे पाहिलं नाही ते पाहिलं नाही म्हणून लिहा. मंडळाला ते आवडत नाही, चालतं. एक वही वेगळी ठेवा आणि त्यात प्रत्येक मुलाबद्दल तुम्हाला खासगीत काय वाटतं ते तारखेसह लिहून दोन वर्षांनी उघडा. माझी वही मी विसाव्या वर्षी सुरू केली, फार उशिरा.

पहिल्यांदा हजर केल्यापासून पंधरा दिवसांत अहवाल द्यायचा असतो, म्हणजे तुमच्याकडे अजून काही दिवस असतील. एक गृहभेट झाली आहे, तेव्हा आई सगळा वेळ शेजारी बसून होती, हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. ती बाजाराला कधी जाते ते बघा. त्या दिवशी संध्याकाळी जा. आजी घरात एकटी असेल, आणि तिचं म्हणणं तुमच्या प्रश्नात कुठेच नाही.